चाकांवरचं घर

काय दोस्तांनो, पेपर संपले ना? मग आता सुट्टीचे बेत सुरू! तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर ती मोठ्ठी गाडी पाहिली असेल. बाहेरून एसटीसारखी लांबलचक आणि आत मात्र पलंग, शेगडी, मोरी, फ्रीज, सगळा संसार! डोंगरावर गाडी उभी आहे, खाली निळाशार समुद्र आहे, दारात घडीच्या खुर्च्या टाकून मंडळी चहा पिताहेत. अशी गाडी बघितली की कुणालाही वाटतं, आपल्याकडे अशी गाडी असती तर कित्ती मजा आली असती! तिला कॅराव्हॅन म्हणतात. मूळ शब्द फारसी, कारवान. म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा. उंटांचा तांडा जाऊन गाडीचं घर आलं, नाव मात्र तेच राहिलं.

आता मी तुम्हाला म्हटलं की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लोकांना चाकांवरचं घर काही नवीन नाही, तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना जरा विचारा. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला ते कशानं जायचे? बंडीनं! आमच्या विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात, बरं का. आणि माणसांना बसायची हलकी, नाजूक गाडी असते ती रेंगी. बंडीत खाली तणसाचा जाड थर, त्यावर सतरंजी, वर बांबूच्या कमानींचं छप्पर. मागच्या बाजूला तांदळाची चुंगडी, पातेली, बैलांचं वैरण आणि बंडीखाली टांगलेला कंदील. झालं घर तयार! मार्कंडा चामोर्शी तालुक्यात आहे. तिथे वैनगंगा आपली दक्षिणेची वाट सोडून चक्क उत्तरेकडे वळते. म्हणून तर तिथे जुनी सुंदर देवळं बांधली गेली. नदीच्या वाळूत बंड्या सोडायच्या, तीन दगडांची चूल मांडायची, रात्री बंडीतच झोपायचं. आता सांगा, त्या टीव्हीवरच्या गाडीत याहून वेगळं काय असतं? फ्रीज असतो, तो सोडा!

तिकडे चंद्रपुरात चैत्रात महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, नांदेडकडून आणि तेलंगणातून माणसं येतात. कित्येक जण ट्रक करून येतात. उतरायचं, झरपट नदीच्या आसपास उघड्यावरच मुक्काम करायचा, चुली पेटवायच्या. म्हणजे तेही एक प्रकारचं शिबिरच झालं, नाही का?

आणि गाडी लोहार तुम्ही नक्की पाहिले असतील. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला त्यांच्या पितळी फुल्या ठोकलेल्या जड गाड्या उभ्या असतात. भाता फुसफुसत असतो. घरातली बाई उभी राहून मोठा घण मारते, पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि बघता बघता विळा, खुरपं, पावशी तयार. यांचं घर म्हणजे ती गाडीच. ही माणसं सांगतात की त्यांचे पूर्वज चित्तोडच्या राणाचे लोहार. १५६८ साली अकबरानं चित्तोडगड जिंकला, तेव्हा त्यांनी शपथ घेतली, की गड परत मिळेपर्यंत घरावर छप्पर घालणार नाही, खाटेवर झोपणार नाही, दिवा लावणार नाही, पाणी ओढायला दोर बाळगणार नाही. पुढे १९५५ साली पंतप्रधान नेहरू स्वतः त्यांना चित्तोडगडावर घेऊन गेले आणि म्हणाले, शपथ पूर्ण झाली. पण कितीतरी कुटुंबं त्यानंतरही गाडीवरच राहिली. आपल्याला सुट्टीत चार दिवस चाकांवर राहायला मजा वाटते. त्यांच्या पोरांचं काय? शाळा आज या गावात, महिन्यानं त्या गावात. हजेरीपटावर नाव चढेपर्यंत गाडी पुढे निघालेली!

बरं, आता ती मोठी गाडी आतून बघू या. ती फार हुशारीनं बनवलेली असते, त्यामुळे इथे थोडं थांबायलाच हवं.

गाडीच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, ती समजलीच. पण वापरलेलं पाणी कुठे जातं? भांडी आणि आंघोळीचं पाणी एका टाकीत, संडासचं दुसऱ्या टाकीत. या दोन्ही टाक्या भरल्या की ठरावीक जागीच रिकाम्या करायच्या. ओढ्यात नाही, शेताच्या बांधावर तर मुळीच नाही. म्हणून कॅराव्हॅनच्या मुक्कामाला नुसतं मैदान पुरत नाही. तिथे नळ हवा, वीज हवी आणि ही घाण नीट घेऊन जाणारी गटारं हवीत. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा नुसत्या गाड्यांचा नाही तर गाड्या उभ्या करायच्या तळांचाही विचार त्यात होता. ते बरोबरच आहे. गाडी विकत घेता येते, भाड्यानं घेता येते. तळ नसेल तर ती उभी कुठे करणार?

दुसरी गोष्ट म्हणजे उतार. गाडी डोंगरावर उभी करायची तर आधी ती सपाट करावी लागते. चाकांखाली फळ्या सरकवून, ठोकळे लावून. तुम्ही म्हणाल, झोपताना डोकं खाली पाय वर होऊ नये म्हणून. हो, ते तर आहेच! पण गंमत फ्रीजची आहे. अशा गाड्यांतले बरेच फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतात. आहे की नाही नवल? विस्तव लावायचा आणि थंडी मिळवायची! त्यात अमोनिया आणि पाणी यांचं मिश्रण असतं. ज्योतीनं अमोनिया वाफ होऊन वर जातो, पुढे थंड होऊन त्याचा द्रव होतो, त्या द्रवाची परत वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो आणि मग पाण्यात मिसळून खाली वाहत येतो. हे खाली वाहणं नुसत्या उतारावर, पंपाशिवाय होतं. म्हणून गाडी फार वेळ तिरकी राहिली तर द्रव भलत्याच जागी साचतो आणि फ्रीज बंद पडतो. गाडी सपाट आहे की नाही हे बघायला महागडं यंत्र नको. काचेची बाटली जवळजवळ पूर्ण भरून जमिनीवर आडवी ठेवा. आतला बुडबुडा कुठे पळतो ते बघा. गवंडीकाकांच्या पाणसळीत हेच तर असतं!

तिसरी गोष्ट वळणाची. एसटी स्टँडवर उभे राहून नीट बघा. एसटी वळते तेव्हा पुढची चाकं ज्या रेषेवरून गेली, त्याच रेषेवरून मागची जात नाहीत. ती आतल्या बाजूनं, कोपरा कापत जातात. गाडी जितकी लांब, तितका कोपरा जास्त कापला जातो. म्हणून घाटातल्या वळणावर लांब गाडीचा ड्रायव्हर आधी बाहेरच्या बाजूला जातो आणि मग वळतो. समोरून दुसरी गाडी आली तर कुणीतरी मागे सरायलाच हवं. कोकणात उतरायचं म्हटलं की आंबा घाट, कुंभार्ली घाट, फोंडा घाट, असा कुठला ना कुठला घाट आलाच. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच. आणि खाली किनाऱ्यावर पोचल्यावर गाडी थेट पुळणीवर घालायची नाही, बरं! भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते. ओहोटीला घट्ट वाटलेल्या ओल्या वाळूत चाकं रुतली की भरती काही आपली वाट बघत थांबत नाही.

बंडीचं बरं असतं! दोनच चाकं आणि तीही उंच. खड्डा आला तर कमी दणका, चिखलातून अलगद पार, आणि जागच्या जागी वळते. इंधन रस्त्याच्या कडेला उगवतं. फक्त घाई चालत नाही.

आता एक गंमत सांगू? चंद्रपूरच्या मुलाला समुद्र बघायचा असला की घरचे म्हणतात, चला, कोकणात जाऊ. पण नकाशावर पट्टी ठेवून मोजा. चंद्रपुराहून अरबी समुद्र लांब आणि बंगालचा उपसागर जवळ! आपलं पाणीसुद्धा तिकडेच जातं. झरपट इरईला मिळते, इरई वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून होते प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत शिरते आणि गोदावरी थेट आंध्रच्या किनाऱ्यावर. म्हणजे महाकालीच्या यात्रेत कुणी झरपटेत पाय धुतले, तर ते पाणी फिरत फिरत समुद्रावर पोचतं. आपण नाही पोचलो तरी!

तर मग ही लांबडी गाडी घेऊन आपण आपल्याच जिल्ह्यात हिंडायचं ठरवलं तर? चला, भामरागडला जाऊन बघू. आलापल्लीपर्यंत काही प्रश्न नाही. तिथलं सागवान म्हणजे काय वर्णावं! 'वनवैभव' नावानं थोडं जंगल कुऱ्हाड न लावता राखून ठेवलंय. त्यातल्या एकेका सागाला कवेत घ्यायला दोन-तीन मुलं लागतील. आलापल्लीहून पुढे साठेक किलोमीटर दाट जंगलातून रस्ता जातो आणि भामरागडच्या थोडं अलीकडे लागतं हेमलकसा. तिथून पुढे पर्लकोटा नदी. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती अशा तीन नद्या एकत्र येतात. तिन्हीकडे डोंगर, मध्ये पांढरी वाळू, काळे खडक आणि स्वच्छ पाणी. तंबू टाकायला याहून सुंदर जागा शोधून सापडायची नाही.

पण थांबा! पावसाळ्यात इथे कुणी मुक्काम टाकला तर? इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीत उगमते आणि बस्तर ओलांडून इकडे येते. पाऊस तिकडे पडतो आणि पाणी इकडे चढतं. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही. ते उलटं मागे दाटतं आणि गावात येतं. भामरागडवर ढगसुद्धा नसेल आणि नदी मात्र वर येत असेल! तिथला जुना बुटका पूल कितीतरी पावसाळ्यांत पाण्याखाली गेलाय. २०१९ च्या पावसाळ्यात तर पुन्हा पुन्हा. नदीच्या वाळूत मुक्काम करायचा तो उन्हाळ्या-हिवाळ्यातच. आणि तेव्हाही आधी काठावरच्या झाडांकडे बघायचं. फांद्यांना गवत, काटक्या, चिंध्या अडकलेल्या दिसतात ना? मागच्या पुरात पाणी तिथवर आलं होतं.

याच संगमावर १९७० च्या सुमारास एक सहल आली होती. वरोऱ्याजवळच्या आनंदवनातून आलेली. सोबत होते बाबा आमटे आणि त्यांची घरची मुलंमाणसं. तेव्हा आजच्यासारखा डांबरी रस्ता नव्हता, नद्यांवर पूल नव्हते. गाडी घेऊन इथवर येणं म्हणजेच मोठं साहस! जागा तर सगळ्यांना आवडलीच. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. इथले माडिया लोक यांना बघून जंगलात पळून जात होते. अंगावर पुरेसं कापड नाही, आजारी माणसाला औषध नाही, आणि बाहेरून कुणी आलं की ते लुबाडायलाच आलंय, ही धास्ती.

इथे जरा थांबून विचार करा. आपण सहलीला गेलो, आपल्याला बघून तिथली मुलं पळाली, तर आपण काय करू? बहुतेक जण फोटो काढतील आणि डबा उघडतील. बाबांच्या डोक्यातून मात्र ती पळणारी माणसं काही गेली नाहीत. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्या सहलीला गेलेला बाबांचा मुलगा प्रकाश तेव्हा डॉक्टर झालेला होता. तो पुढचं शिक्षण सोडून तिथे राहायला गेला. त्याच्याबरोबर त्याची बायको मंदाकिनी, तीही डॉक्टर. राहायला झोपडी, वीज नाही. पावसाळा आला की रस्ते बंद, म्हणून काही महिन्यांचं धान्य आधीच भरून ठेवायचं. आणि सगळ्यात अवघड काय, तर दवाखाना आहे पण रोगीच येत नाहीत! माडिया भाषा शिकावी लागली. आपल्या चांगल्या कपड्यांमुळे माणसं बुजतात हे बघून डॉक्टरांनी अर्धी चड्डी आणि बनियन हाच पोशाख केला. हळूहळू माणसं येऊ लागली, मग मैलोन्‌मैल चालून येऊ लागली. १९७६ ला तिथे शाळा सुरू झाली. २००८ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे तुम्ही सामान्यज्ञानात पाठ केलं असेल. चार दिवसांचा मुक्काम म्हणून निघालेली माणसं कुठल्या कुठे पोचली, बघा!

बाबा आमट्यांची आणखी एक गाडी होती, आणि ती आपल्या आजच्या विषयात अगदी चपखल बसते. बाबांच्या पाठीच्या कण्याला असं दुखणं होतं, की त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. असा माणूस घरी पडून राहील की नाही? पण डिसेंबर १९८५ मध्ये, वयाची ७१ वर्षं पूर्ण होत असताना, हे गृहस्थ कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले! देशात तेव्हा जाती-धर्मावरून, प्रांतावरून भांडणं पेटलेली होती. म्हणून मोहिमेचं नाव 'भारत जोडो'. शंभरावर तरुण मुलं-मुली सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे. पाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. त्या गाडीत अंथरूण होतं ते मौजेसाठी नव्हतं. ते नसतं तर हा प्रवासच झाला नसता. चाकांवरच्या घराचा इतका रास्त उपयोग मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

बरं, आईबाबा, आता थोडं तुमच्याशी. उन्हाळ्यात ताडोबाला जायचा बेत असेल, तर आपला तंबू, आपली गाडी घेऊन जंगलात कुठेही मुक्काम टाकता येतो, असं मुलांना सांगू नका. गाभ्याच्या जंगलात मुक्कामाला मनाई आहे, गाडीतून खाली उतरायलाही. राहायचं ते मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा फाटकांबाहेर. मंगळवारी गाभ्यातली फेरी बंद असते आणि जुलै ते सप्टेंबर गाभा पूर्ण बंद. हे नियम कटकटीचे वाटतात खरे. पण फाटकाबाहेर जंगल संपतं थोडंच! वाघ काही पाटी वाचून थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या गावांतली माणसं पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. वाकून वेचणाऱ्या माणसाला वाघ चटकन ओळखत नाही आणि दर वर्षी त्यात माणसं दगावतात. ती माणसं पोटासाठी जातात, त्यांना पर्याय नसतो. आपल्याला असतो. तेव्हा सकाळच्या मोकळ्या हवेत फेरफटका म्हणून मुलांना घेऊन झाडीत शिरू नका. मुक्कामाच्या जागी खरकटं उघड्यावर टाकू नका. त्यावर कुत्री येतात, डुकरं येतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या येतो.

आणि बाटल्या! २०२४ च्या सुरुवातीला ताडोबाच्या बफर भागात, रामदेगीकडे, एका वाघानं पाणवठ्यातली प्लॅस्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर काढली. ते चित्रण देशभर फिरलं. लोकांनी वाघाचं फार कौतुक केलं. पण बाटली टाकणारा कोण, हेही विचारायला हवं.

मोठ्या मुलामुलींसाठी एक माहिती. मूलजवळ सोमनाथला आमट्यांच्याच संस्थेची श्रमसंस्कार छावणी भरते, मे महिन्याच्या ऐन उन्हात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली. तिथे पहाटे उठून कुदळ-फावडं घ्यायचं, खणायचं, माती वाहायची, संध्याकाळी गाणी आणि गप्पा. फ्रीज नाही! कॉलेजात गेलात की चौकशी करा.

तोवर या सुट्टीत एक काम. कुणाच्या घरी, कुणाच्या आजोळी, गोठ्याच्या मागे जुनी बंडी किंवा रेंगी पडलेली असेल तर ती शोधा. चाकाला आरे किती ते मोजा. वरची लोखंडी धाव लाकडावर कशी बसवली असेल ते आजोबांना विचारा (इशारा: त्यात विस्तव आणि पाणी दोन्ही लागतं). ती बंडी शेवटची कुठल्या जत्रेला गेली होती, त्यात कोण कोण बसलं होतं आणि रात्री काय रांधलं होतं, तेही लिहून घ्या. चित्र काढून पाठवा. रंग नसले तरी चालतील, पेन्सिलीनं काढा, पण आरे बरोबर मोजा!